दशांशानंतर दोनच आकडे

मासळीची जागा कुणी विचारली की आमचे बाबा "हाय, जरा बाहेर, तिकडं" म्हणायचे आणि विडी पेटवायचे. नवापुरात सगळेच असे. आजोबांनी दाखवलेली जागा म्हणजे घरातला दागिना. तो काय ओटीवर मांडून ठेवायचा?

मी बोईसरला प्रोग्रामर. गावच्या बोटींसाठी मी हौसेने एक अ‍ॅप केलं होतं: बटण दाबलं की बोट कुठे आहे ते आकड्यांत गावच्या ग्रुपवर येतं. आकड्याचा मजकूर करायला तयार कोडची लायब्ररी होती. तिला फक्त पर्याय सांगायचे: अंक मराठी की इंग्रजी, दशांशानंतर किती, उरलेले जवळच्या आकड्यात मिळवायचे की सरळ छाटायचे. मी पाच ठेवले होते. ते बघून बाबा भडकलेच.

"याच्यानं तर कोणपण माज्या जाळ्यावर येऊन बसंल! दोन ठेव, बाकीचे छाट."

"अहो बाबा, किलोमीटरभराचा घोळ होईल!"

"होऊं दे. बोट काय सुई हाय? दिसते डोळ्यांनी."

बाकीच्या बोटवाल्यांनीही माना डोलावल्या. घ्या! मी चरफडत दोन केले.

मग जानेवारीत, दाट धुक्याच्या एका सकाळी, भावाच्या बोटीचं इंजिन नेमकं बाबांच्या त्या जागेवर बंद पडलं आणि बोटीत पाणी शिरायला लागलं. त्याने नांगर टाकून बटण दाबलं. ग्रुपवर छाटलेले आकडे आले. गावच्या बोटी लगेच सुटल्या, बाबाही एकीत चढले. पण बाबांना जागा ठाऊक ती डोंगराच्या आणि कारखान्यांच्या चिमण्यांच्या खुणेवर, आणि धुक्यात खुणाच दिसेनात. मला ऑफिसात बाबांचा फोन आला.

"गो, ते छाटलेले आकडे हायत का कुठं?"

होते. छाटाछाट नुसती ग्रुपवरच्या मजकुरात होती. मूळ आकडा माझ्याकडे जसाच्या तसा येऊन पडला होता.

"आहेत बाबा. तुम्ही लिहून घ्या."

"लिवत कुठं बसू? थांब." त्यांनी वायरलेस उघडला. आता सगळ्या बोटी ऐकणार होत्या. "हां, बोल."

मी एकेक आकडा सांगितला. बाबांनी तो वायरलेसवर ओरडून सांगितला, शेवटच्या आकड्यापर्यंत, कुठेही न अडखळता.

भाऊ सापडला. गुडघाभर पाण्यात उभा राहून बादलीने उपसत होता, मेला. घरी आल्यावर मी त्याला आधी झापलं आणि मग मिठी मारली.

कुणालाही न विचारता मी पाच आकडे करून टाकले. या वेळी बाबा भडकले नाहीत. जागा गेलीच असं धरून ते कितीतरी दिवस तिकडे फिरकले नाहीत. मला फार वाईट वाटायचं. एकदा मात्र गेले, आणि तिथूनच त्यांचा फोन आला.

"एकपण बोट नाय गो इथं. कोणाचं जाळं नाय. सगळ्यांनी ऐकलं व्हतं ना? मंग कोणीच कसं आलं नाय?"

"तुमचीच जागा आहे ती, बाबा. टाका जाळं," मी म्हटलं.