आळ म्हशीवर आला

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून काही लपवून ठेवणं किती अवघड, ते तिला ओळखणाऱ्यालाच कळेल. तुम्ही तिला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतो.

मी एसटीत वाहक होतो. निवृत्त झालो आणि तिरोड्याजवळच्या आमच्या गावी येऊन राहिलो. त्याच सुमारास रस्ता रुंद झाला आणि रस्त्याकडेची आमची जुनी बोडी मुरमाखाली गेली. बोडी म्हणजे लहान तळं. धानाला पाणी तिचंच, पोरं पोहायला शिकायची तीही तिच्यातच. तिच्या बदल्यात गावाच्या दुसऱ्या अंगाची, बेशरमाच्या झुडपांनी गिळलेली एक मोडकी बोडी पुन्हा उभी करून द्यायची, असं ठरलं. गाळ निघाला, पाळ म्हणजे काठाचा मातीचा बांध बांधला गेला. पण नुसतं पाणी साठलं म्हणजे बोडी झाली का? पाण्याखाली गवत लागतं, वर कमळ लागतं, काठाला देवधान, म्हणजे रानटी भात, लागतं — तेव्हा कुठे पाखरू येऊन बसतं. ते लावायचं काम गावातल्या बायांनी घेतलं.

सगळ्यांत पुढे आमच्या शेजारच्या शेवंतावहिनी. कमरेएवढ्या पाण्यात उभ्या राहून पायाच्या अंगठ्यानं कमळाचा गड्डा चिखलात दाबायच्या आणि तोंडानं सगळ्या गावाची थट्टा करायच्या. त्यांच्या दोन म्हशी. म्हातारीचं नाव चंद्री. आमच्या घरचा चहा चंद्रीच्याच दुधाचा.

बोडीसाठी समिती झाली, तिच्यात मीही होतो. लावलेलं नीट धरेपर्यंत बाहेरचा मासा सोडायचा नाही, असा नियम केला. मी हात वर करून होकार दिला होता. हे मुद्दाम सांगतोय.

आता मुद्द्यावर येतो — येतोच आहे.

मला मासा फार आवडतो. डब्यात मासा असला की त्या दिवशी माझी तिकिटं भराभर फाटायची. निवृत्तीचे रिकामे दिवस, समोर भरलेली बोडी, आणि गळ टाकावा तर हाती बोटाएवढं काहीतरी. अशा वेळी माणसानं काय करावं? — नाही, हे विचारणं लबाडीचं झालं. काय करू नये ते समितीतल्या माणसाला चांगलं ठाऊक होतं.

बोदलकसाकडच्या एका ओळखीच्या माणसाकडून मी गवत्या माशाची पिल्लं आणली. गवत खातो म्हणून गवत्या. निदान नाव ऐकून तरी डोक्यात उजेड पडायला नको होता? मी एवढंच विचारलं, की वाढतो किती. फार वाढतो, म्हणाला. पिशवीत पाणी, पाण्यात पिल्लं, पिशवी स्कूटरच्या हँडलला. धानाच्या रोवणीचे दिवस होते, सगळं गाव रोपं लावत बांध्यांमध्ये वाकलेलं. भर दुपारी पाळीवर गेलो, पिशवी उलटी केली आणि शीळ घालत घरी आलो. खरंच, शीळ घालत.

पुढच्या वर्षी पावसाळा सरल्यावर बाया बोडीवर गेल्या आणि तशाच परत आल्या. पाण्याखालचं गवत साफ. कमळाची कोवळी पानं गेलेली, दांडे कुरतडलेले. तुम्हाला वाटेल, मला हळूहळू उमगलं असेल. नाही. ऐकल्या क्षणी कळलं.

समिती बसली. कुणी म्हणालं गड्डे कच्चे होते, कुणी म्हणालं पाणी गढूळ होतं. मग कुणीतरी शेवंतावहिनींच्या म्हशींचं नाव काढलं आणि सगळ्यांना पटलं, कारण म्हशी तिथं डुंबताना सगळ्यांनीच पाहिल्या होत्या. वहिनी उभ्या राहिल्या.

"माही म्हैस काठचं खाते, मी नाही म्हणत नाही," त्या म्हणाल्या. "पण बुडातलं गवत का ते बुडी मारून खाऊन राहिली? सांगा ना भाऊजी, तुम्ही तं रोज बसता तिथं."

सगळे हसले. वहिनीही हसल्या, आणि हसता हसता माझ्याकडे बघत राहिल्या. त्या वेळी मी बोलायला हवं होतं ना? मी बोललो. म्हणालो, "म्हशीचा काय नेम, वहिनी."

बोडी म्हशींना बंद झाली. दुसरं पाणी लांब, नाल्यावर. धाकटी जायची, चंद्रीला तेवढं चालवेना. शेवटी वहिनींनी तिला लेकीच्या सासरी पाठवलं, तिच्या दाराशीच तळं होतं. टेम्पोत चढवायला मी मागून रेटा दिला. नंतर वहिनींनी मला चहा पाजला. दूध धाकटीचं होतं.

बायांनी पुन्हा लावणी केली. म्हशी नव्हत्या, तरी ती पुन्हा गेली. उन्हाळ्यात पाणी आटलं तेव्हा धीवरांनी जाळं टाकलं आणि हाताएवढा मासा वर आला. जागीच पोट फाडलं — आत हिरवंगार गवत, ठासून भरलेलं. पाळीवर असा हशा उसळला की विचारू नका. हा कुठून आला, असं कुणी विचारायच्या आत मीच म्हणालो, पुरात वरच्या तलावातून उतरला असेल. पटलं सगळ्यांना. इतकी वर्षं माणसांना मागं सरकायला सांगितलेलं. आवाज ठाम होता.

झाडून सगळे गवत्ये काढले. तिसऱ्यांदा लावणी झाली तेव्हा मीही पाण्यात उतरलो. माझा पाय घसरला, बाया पोट धरून हसल्या. ही लावणी मात्र धरली. आज या, बघा — पानाला पान लागलंय, त्यावरून कमळपक्षी लांब बोटं टाकत चालतो, थंडीत बदकांचा नुसता कालवा असतो. बुजलेल्या बोडीची आठवण आता फारशी कुणी काढत नाही. धाकटी म्हैस काठाला पुन्हा डुंबते. चंद्री परत आली नाही. तिकडंच रमली ते, वहिनी म्हणतात, आता म्हातारपणी तिले कायले हलवू. बोडी पाहायला कुणी पाहुणा आला की त्या मासा चोर कसा निघाला आणि म्हैस कशी सुटली ते नकलेसकट सांगतात. मी शेजारी उभा असतो. हसतो.

एक राहिलं. त्या पहिल्या माशाचे पाळीवरच वाटे पडले होते. आमचा वाटा वहिनी स्वतः घेऊन आल्या. भाऊजींना आवडतो म्हणून डोक्याकडचा मागून घेतला, म्हणाल्या. बायकोनं रस्सा केला. मी दोनदा वाढून घेतला. चवीला उत्तम होता.