तिसरी वायर

जयनगरच्या आमच्या गल्लीत मला ‘फ्यूज अक्का’ म्हणत. तोंडावर कोणी म्हणत नसे, पण मला ते माहीत होतं आणि आवडतही होतं. एकसष्ट-बासष्टच्या सुमाराची ही गोष्ट. त्या वेळी जयनगर नवं होतं. घरं कमी, मोकळे प्लॉट जास्त, आणि दर दोन दिवसांआड कोणाच्या ना कोणाच्या घरात अंधार. शेजारच्या बायका मीटरच्या पेटीकडे विंचवाकडे बघावं तशा बघत. मी मात्र लग्नाआधी धारवाडला मोठ्या भावाजवळ फ्यूज बांधायला शिकले होते. मेन स्विच ओढायचा, चिनी मातीचा फ्यूज उपसायचा, जळकी तार काढून नवी बांधायची आणि परत दाबून बसवायचा. पाच मिनिटांचं काम. पण दिवे लागले की त्या बायका माझ्याकडे अशा काही बघत, की जणू वीज मीच तयार करते. असं आठ-दहा वेळा झाल्यावर मलाही तसंच वाटायला लागलं.

हे घर बांधण्याआधी आम्ही चामराजपेटेत मोठ्या दिरांकडे राहत होतो. आमच्या सासरची माणसं कित्येक पिढ्या बंगळूरची. घरात मराठी, पण निम्मे शब्द कन्नड. सोवळ्याला मडी म्हणत आणि आईला अम्मा. सासूबाईंना मीही अम्माच म्हणायची. नव्या घरी त्या आमच्याबरोबर आल्या, त्यामागे प्रेमाइतकाच व्यवहार होता. मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. साडेदहा ते पाच. मुलं साडेतीनला शाळेतून येत. त्यांना दार उघडायला, खायला घालायला आणि एकमेकांपासून सोडवायला अम्मा होत्या, म्हणून माझी नोकरी होती. अम्मा गेल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी मला राजीनामा टाइप करावा लागला असता, आणि तोही मीच बिनचूक केला असता.

चामराजपेटेत न्हाणीघरात चुलीवर बसवलेला तांब्याचा हंडा होता. पहाटे लाकडं घालायची, धूर खायचा, मग पाणी. नव्या घरात लाकडं आणायची नाहीत असं मी जाहीर केलं होतं. आमचे हे कोणाकडून तरी एक विजेचा बंब घेऊन आले. तांब्याचाच, उभा, खाली पितळी तोटी. एका साहेबांची बदली झाली म्हणून त्यांनी काढून टाकलेला. चांगला दिसत होता. अडचण एकच. त्याच्या वायरीला तीन पिनांचा जाडजूड प्लग होता आणि न्हाणीघराच्या भिंतीत दोनच भोकं होती. तीन पिनांचं भोक बसवायला मिस्त्री ‘सोमवारी येतो’ म्हणाला होता. असे तीन सोमवार गेले.

चौथ्या सोमवारी मी कात्री घेतली.

प्लग कापला, आत तीन वायरी निघाल्या. दोन मी दोन पिनांच्या प्लगला जोडल्या. हिरवी उरली. मी क्षणभर तिच्याकडे बघितलं. दोन भोकं, दोन वायरी, हिशेब जमला. तिसरी ही नव्या कोटाच्या आत शिवून दिलेल्या जादा बटणासारखी असणार, असं मी ठरवलं. ती दुमडली, औषधाच्या पेटीतली चिकटपट्टी गुंडाळली आणि नीट आत दडपून टाकली. बटण दाबलं. अर्ध्या तासात कढत पाणी. आठवडाभर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला न्हाणीघर दाखवत होते.

पंधरा-वीस दिवसांनी अम्मा म्हणाल्या की तोटी चावते.

अम्मांची आंघोळ घरात पहिली. साडेपाचला त्या अनवाणी, आधी विहिरीच्या थंड पाण्याने पाय धुऊन, ओल्या फरशीवर उभ्या राहून तोटी उघडत. बाकी आम्हा सगळ्यांचं पाणी मीच बादल्यांत काढून ठेवायची. मी जाऊन तोटीला हात लावला. काही नाही. दोन्ही हात लावले. काही नाही. तांब्याला आंघोळ घालावी तसं वरपासून खालपर्यंत चाचपलं. बंब गप्प. मी अम्मांना सांगितलं की थंडीने बोटं बधिर झाली की असं होतं.

दुसऱ्या दिवशी चावली नाही. तिसऱ्या दिवशी पुन्हा चावली. मग दोन दिवस नाही. यावरून मी जो निष्कर्ष काढला, तो लिहायला आज लाज वाटते, पण लिहिते. माझ्या असं लक्षात आलं की आदल्या दिवशी आमची दोघींची काही कुरबुर झाली असली की तोटी चावते. मी मनातल्या मनात टिपण ठेवायला लागले. भाजीत गूळ कमी, चावली. मुलाला अंडं खायला घातल्याचा संशय, चावली. माझी खात्रीच झाली की अम्मांना लाकडांचा हंडा परत हवाय आणि त्या माझ्या बंबावर बालंट घेताहेत. हे मी यांना सांगितलं. यांनी वर्तमानपत्र थोडं वर धरलं.

महिनाभर असं चाललं. दर वेळी मी जायची, बंबाला हात लावायची आणि विजयी मुद्रेने बाहेर यायची. शेवटी एका शुक्रवारी कचेरीतून आले तर अम्मांची ट्रंक ओसरीवर. त्या शांतपणे जपाला बसल्या होत्या. जप संपवून त्यांनी सांगितलं की रविवारी थोरला येईल, त्याच्याबरोबर त्या चामराजपेटेला जातील. तिथला हंडा धूर करतो, पण चावत नाही.

“आणि खोटारडी म्हणवून घेत या वयात मला इथे राहायची हौस नाही,” त्या म्हणाल्या.

मी त्यांना खोटारडं कधी म्हटलं नव्हतं. पण रोज सकाळी बंबावर हात ठेवून मी दुसरं काय म्हणत होते? तेव्हा मात्र मला एवढं शहाणपण सुचलं नाही. मला फक्त साडेतीन वाजता बंद दाराबाहेर उभी असलेली दोन मुलं दिसली. शनिवारी मी कचेरीत तीन चुका केल्या.

रविवारी सकाळी थोरले दीर आले ते चामराजपेटेतल्या एका जुन्या इलेक्ट्रिक मिस्त्रीला घेऊनच. साठीचे, धोतर-कोट, कापडी पिशवीत हत्यारं. अम्मांनीच निरोप पाठवला होता, हे मला नंतर कळलं. जायच्या आधी त्यांना मी खोटी ठरलेली बघायची होती. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केलं असतं.

मिस्त्रींनी चपला दाराशी काढल्या आणि न्हाणीघरात गेले. मी मागोमाग, समजावून सांगायला. बंब कसा उत्तम चालतो, मी स्वतः किती वेळा तपासला आहे, म्हाताऱ्या माणसांना कसं वाटत राहतं, हे सगळं मी माझ्या धारवाडी कन्नडमध्ये ऐकवलं. ते ऐकत होते. त्यांनी बटण चालू केलं, फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं आणि हाताची मागची बाजू, फक्त बोटांची पेरं, तोटीला हळूच लावली. काही झालं नाही. मी अम्मांकडे बघितलं. माझ्या त्या बघण्याची मला अजून आठवण आहे.

मग त्यांनी प्लग उपसला, उलटा करून परत बसवला आणि पुन्हा पेरं लावली. हात झटकन मागे आला.

“स्वल्प आहे,” ते म्हणाले. “पण आहे.”

दोन पिनांचा प्लग. कसाही बसतो. मी काटकसरीने रोज काम झालं की तो काढून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी हाताला येईल तसा लावायची. एका बाजूने लावला की तोटी चावायची, दुसऱ्या बाजूने लावला की नाही. गूळ आणि अंडं यांचा काही संबंध नव्हता. पण मी हार मानणार नव्हते. मग मला कसं कधीच काही झालं नाही, असं म्हणत मी सगळ्यांसमोर तोटीवर पंजाच ठेवला. आणि खरोखरच काही झालं नाही.

मिस्त्री माझ्या हाताकडे बघतच नव्हते.

“अक्का, पायात काय आहे?”

पायात रबरी चपला होत्या. टाचांना भेगा पडायच्या म्हणून डॉक्टरांनी घरात घालायला सांगितलेल्या. स्वयंपाकघरात अम्मा घालू देत नसत, न्हाणीघरात कशाबशा चालवून घेत. महिनाभर रोज मी रबरावर उभी राहून त्या अनवाणी बाईला सांगत होते की तुला वाटतं तसं काही नाही. आम्ही बाकीचे बादलीतलं पाणी घेत होतो, तेही लाकडी पाटावर बसून. ओल्या फरशीवर उघड्या पायांनी तोटीला हात लावणारं घरात एकच माणूस होतं.

मी चपला काढल्या. मिस्त्री नको म्हणाले, दीर नको म्हणाले. अम्मा काही म्हणाल्या नाहीत. मी मिस्त्रींसारखी पेरं लावली. कोपरापर्यंत कोणीतरी झणकन आतून खेचल्यासारखं झालं आणि मी बादलीत बसता बसता राहिले.

मिस्त्रींनी मग बटण बंद केलं, प्लग उघडला आणि चिमटीत धरून तो पांढरा गोळा बाहेर काढला. चिकटपट्टी सोडवत गेले. आतून हिरवी वायर निघाली. ही जमिनीत जायला हवी, ते म्हणाले. आत कुठे वीज फुटली तर हिच्या वाटेने खाली जाते, नाहीतर माणसाच्या वाटेने. स्वल्प होती म्हणून बरं. मग चिकटपट्टीकडे कौतुकाने बघत म्हणाले, “काम फार नीट केलंय. इतकं नीट मीसुद्धा करत नाही. कोणी केलं?”

कोणीतरी आधीच्या घरच्यांनी, असं सांगायला मी तोंड उघडलं. बदली झालेल्या साहेबांचं घर मला चांगलं सापडलं होतं.

मागून अम्मांचा आवाज आला. “सांग की, फ्यूज अक्का.”

हे नाव त्यांना माहीत आहे, याची मला तोवर कल्पना नव्हती. मी सांगितलं. दिरांना एकदम परसातल्या झाडाची काळजी वाटू लागली आणि ते तिकडे गेले.

त्या दिवशी मिस्त्रींनी परसात खड्डा खणून त्यात पाइप पुरला, कोळसा आणि मीठ भरलं, तीन भोकांचं नवं बोर्ड बसवलं आणि आतला खराब झालेला भाग बदलायला बंब घेऊन गेले. जाता जाता मीटरच्या पेटीत डोकावून माझी दुपदरी बांधलेली फ्यूजची तारही काढली. ती वारंवार जळू नये म्हणून मी बांधली होती. जळायलाच ती असते, असं ते फार सौम्यपणे म्हणाले.

दीर एकटेच परत गेले. ट्रंक मात्र ओसरीवरच राहिली. बंब दुरुस्त होऊन आला तरी राहिली. मी माफी मागितली. माझी माफी मागण्याची पद्धत म्हणजे मी तीन दिवस भाजीत गूळ बरोबर घातला. चौथ्या दिवशी अम्मांनी अट सांगितली. रोज सकाळी त्यांच्या आधी मी तोटीला हात लावायचा. मिस्त्री लावतात तसा, उलट्या बोटांनी.

मी कबूल केलं. त्याच संध्याकाळी ट्रंक आत गेली.

पुढे सात वर्षं, त्या असेपर्यंत, हे चाललं. साडेपाचला मी न्हाणीघरात जायची, बोटं लावायची आणि बाहेर ऐकू जाईल असं म्हणायची, “काही नाही अम्मा, या.”

दाराबाहेरून रोज तोच प्रश्न यायचा. “चपला काढून, की घालून?”