अडलेला उंट

पडद्यावर वाळवंट होतं आणि त्या वाळवंटात एक उंट ऐन वेळी फतकल मारून बसला होता. मागून धुरळा उडवत डाकू येत होते. सिनेमा जुना, रशियन. त्यातला शिपाई एकटा आणि त्याच्या बंदुकीतल्या गोळ्या संपलेल्या. एवढ्यात खालच्या इंग्रजी ओळीच गायब झाल्या. सांगलीच्या आमच्या फिल्म क्लबात चुळबुळ सुरू झाली.

शिपायानं उंटाला आधी दटावलं, मग हात जोडले. शेवटी जीभ टाळ्याला लावून आवाज काढला, "ट्टॉक, ट्टॉक!"

शेजारी बसलेली आई एकदम ताठ झाली. तिचे वडील टांगा हाकायचे. "अगंबाई, हा तर आपल्यातलाच!" म्हणत तिनंही जीभ वाजवली. पुढच्या रांगेतल्या काकांनी वाजवली. बघता बघता अख्खा हॉल त्या उंटाला उठवायला लागला. माणसांच्या भाषा देशागणिक बदलतात. अडलेल्या जनावराची मनधरणी करताना मात्र सगळी एकाच गावची होतात, असं त्या गलक्यात मला वाटून गेलं.

आणि उंट उठला! असा उधळला, की डाकूंच्या तोंडात वाळू आणि आमच्या हॉलमध्ये शिट्ट्याच शिट्ट्या.

बाहेर आलो, तर माझी स्कूटर सुरू होईना. किक मारून मारून मला घाम फुटला. आईनं पदर खोचला, सीटवर थाप मारली आणि जीभ वाजवली. पुढच्याच किकला गाडी सुरू झाली.

"बघ," मागं बसत आई म्हणाली, "हिलासुद्धा रशियन येतं!"