टेकडी विरुद्ध तळं

दिनकर इंगवलेला बोलतं करणं सोपं नव्हतं. कुवेतमधल्या अम्गऱ्यात, एका बांधकाम-सामानाच्या यार्डात तो स्टोअरकीपर होता. परांचीचे पाइप, क्लॅम्प, फळ्या द्यायच्या आणि परत आल्या की रचून ठेवायच्या, हे त्याचं काम. त्या कामाला लागतील तेवढेच शब्द तो खर्च करायचा. गडहिंग्लजजवळच्या गावी बायको लता होती, म्हातारी आई होती. बायकोला कुवेतला आणण्याइतका त्याचा पगार कधी झाला नाही, म्हणून दोन वर्षांतून एकदा तोच गावी जाऊन यायचा. एरवी यार्डामागच्या खोलीत राहायचा आणि गप्प असायचा.

पण वर्षातली एक संध्याकाळ अशी यायची, की हाच माणूस सालमियातल्या एका फ्लॅटमध्ये उभा राहून तासभर बोलायचा आणि खोलीभर बसलेली माणसं हातातला चहा गार होऊ देऊन ऐकायची. फेब्रुवारीतल्या सामन्याची ती आदली संध्याकाळ.

सामना दोन कॉलेजांचा. कोल्हापुरात एक कॉलेज टेकडीवर, दुसरं तळ्याकाठी. दोघांची खरी नावं मोठी लांबलचक, पण ती मार्कशीटपुरती. फुटबॉलच्या मैदानावर नावं दोनच, टेकडी आणि तळं. हे वैर कधी सुरू झालं ते कुणालाच सांगता यायचं नाही. टेकडीचा जावई तळ्याच्या घरात सामन्याच्या दिवशी पाणीसुद्धा प्यायचा नाही, अशी ख्याती. नोकरीसाठी कुवेतला आलेली दोन्हीकडची पोरं हे वैर कपड्यांच्या घडीत घालून आणावं तसं बरोबर घेऊन आली. इराकबरोबरची पहिली लढाई संपून शहर पुन्हा उभं राहत होतं, माणसं येत होती. त्र्याण्णव साली पहिला सामना झाला तेव्हा दोन्हीकडे मिळून वीस माणसंही भरली नाहीत. मग गोलकीपर म्हणून गोव्याचा एकजण घेतला, बचावाला दोन मल्याळी. तेही पुढे टेकडी-तळं म्हणायला लागले. गोलचे खांब अम्गऱ्याच्या यार्डातून यायचे. सुट्टीच्या दिवशी दिनकर परांचीचे पाइप छोट्या ट्रकवर टाकून मैदानावर आणायचा आणि संध्याकाळी परत नेऊन लावायचा.

दिनकर टेकडीचा. कॉलेजची तीन वर्षं तो राखीव खेळाडू होता आणि तीनही वर्षं रेषेबाहेर बसून होता. त्याला मैदानात उतरवावं असा प्रसंग आलाच नाही. पण बसल्या बसल्या त्यानं खेळ असा पाहिला, की कोण कुठल्या पायावर भार टाकतो, कोण दमला की डावीकडे सरकतो, हे त्याच्या डोक्यात कायमचं बसलं.

शत्रुघ्न वरुटे तळ्याचा. त्यांचा सेंटर फॉरवर्ड, आणि त्या काळातला सगळ्यांत धोक्याचा माणूस. एकोणऐंशीच्या अंतिम सामन्यात टेकडीला दोन गोल मारणारा तोच. गुडघा गेल्यावर खेळ सुटला. पुढे हिशेबाची परीक्षा देऊन तो कुवेत सिटीतल्या एका कंपनीत अकाउंटंट झाला, सालमियात घर केलं. बायको विशाखा, मुलगी क्षितिजा.

दोघांची गाठ पडली ती सालमियातच, एका घरच्या गणपतीच्या आरतीनंतर. कुणीतरी वरुटेची ओळख करून दिली तेव्हा कोपऱ्यात प्रसाद खात बसलेला दिनकर म्हणाला, की दुसरा गोल मारताना तुम्ही बॉलकडे बघितलंच नव्हतं, आमच्या गोलकीपरच्या गुडघ्याकडे बघत होता. शत्रुघ्न हातातली वाटी तशीच धरून उभा राहिला. ही गोष्ट त्यानं आजवर कुणाला सांगितली नव्हती.

"तू कुठं होतास?"

"बाहेर बसलो होतो. आमच्या बाजूला."

त्या दिवसापासून शत्रुघ्न गुरुवारी ऑफिस सुटलं की गाडी घेऊन अम्गऱ्याला जायचा, दिनकरला सालमियात जेवायला आणायचा आणि परत सोडायचा. जेवताना दोघं भांडायचे. विशाखा म्हणायची, की या घरात तिखटाचा डबा लवकर संपतो, त्यापेक्षा लवकर यांचं भांडण सुरू होतं. ती दिनकरला भावजी म्हणायची. क्षितिजा लहान होती तोवर काका काका करायची. मोठी झाली तशी मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर द्यायला लागली. दिनकरला ते अर्धंमुर्धं कळायचं, पण तो मान डोलवायचा.

आदल्या दिवशीच सामना सांगायचा, ही टूम शत्रुघ्ननंच काढली. आपला खेळ हौशी असला तरी उद्या काय होणार हे सांगणारा माणूस पाहिजे, आणि तो आपल्याकडे आहे, असं त्यानं सगळ्यांना सांगितलं. दिनकर पहिल्या वर्षी लाजला. दुसऱ्या वर्षी बाल्कनीच्या दाराशी उभा राहिला आणि त्याला वाट सापडली. उद्या वारं कुठलं असेल, कुणाची रजा झाली नाही आणि त्याची झोप अपुरी आहे, कुणाच्या बुटाचा तळ गेला आहे, हे सगळं तो सांगायचा. "पहिल्या हाफला वारं टेकडीच्या पाठीशी. बॉल उंच मारायचा मोह होणार. मारू नका. वाळूवर बॉल उसळत नाही, मरतो." असं बोलायचा आणि ते बहुतेक खरं ठरायचं. मात्र निकाल त्यानं कधी सांगितला नाही. शत्रुघ्न दरवर्षी खोदून विचारायचा. दिनकर म्हणायचा, की निकाल सांगितला तर उद्या माणसं पळतील कशाला.

दोन हजार दोनच्या पावसाळ्यानंतर, म्हणजे तिकडे पावसाळा आणि इकडे भाजून काढणारं ऊन सरल्यावर, शत्रुघ्नचं काहीतरी बिनसलं. ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीची डावी बाजू खांबाला घासली. पंधरा दिवसांनी पुन्हा तीच बाजू, तोच खांब. जेवताना डावीकडे ठेवलेली भाजी त्याला दिसायची नाही. दिनकरच्या ते आधी लक्षात आलं. तो गुपचूप ताट थोडं उजवीकडे सरकवायला लागला. जानेवारीत डोकं असं दुखलं, की शत्रुघ्नला दवाखान्यात न्यावं लागलं. मेंदूत गाठ निघाली. डॉक्टरांनी सांगितलं, की ऑपरेशन लवकर करा, आणि घरच्या माणसांजवळ जाऊन करा.

त्याच दिवसांत इराकवर लढाई होणार अशी बोलवा रोज वाढत होती. बकाल्यात, म्हणजे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात, पाण्याच्या बाटल्यांची खोकी टिकत नव्हती. लोक खिडक्यांना चिकटपट्टी लावत होते, बायकापोरांना भारतात पाठवत होते. विमानाचं तिकीट मिळणं मुश्किल. वरुटे मंडळींना तीन जागा मिळाल्या त्या नेमक्या सामन्याच्या आदल्या दिवशीच्या.

दिनकर दुपारीच सालमियात पोहोचला. या खेपेला जमलेली माणसं थोडी होती. आठ-दहाजण असतील, तेही बॅगांना दोर बांधायला, कपाटं सरकवायला आलेले. तळ्याचा कप्तान जयदीप खोकी चिकटवत होता. विशाखा आत बॅगा भरत होती. शत्रुघ्न सोफ्यावर बसला होता, डोक्याला रुमाल बांधलेला.

दिनकर म्हणाला, की यंदा राहू दे, तुम्ही निवांत निघा.

"तसं नको," शत्रुघ्न म्हणाला. "मला उद्याचा सामना बघायला मिळणार न्हाई. तू आज सांग. आणि सगळा सांग. शेवटपर्यंत."

"निकाल मी सांगत नाही."

"सांगत न्हाईस, माहीत हाय मला. म्हणून तर म्हणतोय."

खोलीतली माणसं हातातली कामं सोडून खाली बसली. दिनकर नेहमीच्या जागी, बाल्कनीच्या दाराशी उभा राहिला.  त्यानं वाऱ्यापासून सुरू केलं. वारं उत्तरेचं, धूळ आहे, पहिल्या हाफला तळ्याच्या डोळ्यांत जाणार. टेकडीचा ओंकार उजवीकडून आत घुसेल, कारण तळ्याचा त्या बाजूचा माणूस कालच मस्कतहून आलाय, अंग जड आहे. पंचविसाव्या मिनिटाच्या आसपास टेकडीचा गोल. तिथून पुढं तो नेहमीसारखं 'होईल, जाईल' म्हणत नव्हता. 'झालं, गेलं' म्हणायला लागला होता. हे त्याच्या स्वतःच्याही ध्यानात आलं नसावं. जयदीपचा एक फटका खांबाला लागून परत आला, पाइपाचा ठण आवाज झाला. एकजण हसला. दुसऱ्या हाफमध्ये वारं पडलं. तळं चढून खेळायला लागलं. शेवटची दहा मिनिटं उरली आणि तळ्याचा एकजण पाय धरून बसला.

"मग?" शत्रुघ्ननं विचारलं.

"मग वरुटे उठला."

सगळे सोफ्याकडे बघू लागले.

"गुडघ्याला पट्टी बांधली. शर्ट काढून वहिनींकडं दिला. आत गेला. टेकडीवाले हसले, म्हातारा आला म्हणून. तो पळालाच नाही. मधल्या वर्तुळात उभा राहिला, नुसता. जयदीपनं बॉल दिला. वरुटेनं बॉलकडं बघितलं नाही."

"गोलकीपरच्या गुडघ्याकडं बघितलं," शत्रुघ्न हळूच म्हणाला.

"होय. बॉल डावीकडनं आत गेला. एक-एक."

"आणि?"

"आणि शिट्टी झाली."

शत्रुघ्ननं मान वर केली. "बरोबरीत?"

"बरोबरीत."

"मला जिंकवलं असतंस तर काय बिघडलं असतं रे?"

"मी टेकडीचा," दिनकर म्हणाला.

शत्रुघ्न हसला. हसताना त्याचं डोकं दुखलं असावं, कारण त्यानं लगेच डोळे मिटले आणि दिनकरचा हात चाचपून धरला. तेवढ्यात इमारतीचा हारिस, म्हणजे रखवालदार, वर येऊन गाडी आल्याचं सांगून गेला. बॅगा उतरवल्या. क्षितिजा मागच्या सीटवर खिडकीकडे तोंड करून बसली होती. दिनकरनं तिला काहीतरी सांगायचं ठरवलं होतं, पण त्याला इंग्रजी शब्द सुचले नाहीत आणि मराठीत बोलायचं धाडस झालं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं पाइप ट्रकवर चढवले आणि मैदानावर नेले. खांब रोवले, ओळी मारल्या. ऊन वर आलं तरी माणसं जमेनात. कुणी बायकोला विमानतळावर सोडायला गेलेलं, कुणी पैसे पाठवायच्या रांगेत, कुणाच्या मालकानं बाहेर पडू नका म्हणून सांगितलेलं. जे थोडेजण आले ते टोप्या घालून वाळूवर बसून राहिले. जयदीपनं एकट्यानंच थोडा वेळ बॉल मारला. मग सगळे उठले. दिनकरनं खांब उपटले, पाइप धुऊन यार्डात जागेवर लावले.

शत्रुघ्नचं ऑपरेशन पुण्याला व्हायचं होतं. त्याच्या आदल्या दिवशी दिनकरनं टेलिफोन कार्डावरून फोन लावला. जयदीपनं त्याला बजावलं होतं, की विचारलं तर त्या दिवशी सांगितलंस तसंच झालं म्हण, आजारी माणूस आहे. दिनकरला ते पटलं होतं. फोन करायला जाताना त्यानं दोनदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं. पण पलीकडून शत्रुघ्नचा आवाज आला आणि त्याच्यानं खोटं बोलवेना.

"सामना झालाच नाही," तो म्हणाला. "माणसंच आली नाहीत."

 कार्डाची मिनिटं सरत होती.

"मग बरंच की," शत्रुघ्न म्हणाला. "म्हंजे तू सांगितलास तोच सामना."

त्यानंतर त्यांचं बोलणं झालं नाही. ऑपरेशनमधून शत्रुघ्न बाहेर आला, पण पुरता आला नाही. माणसं ओळखायचा, नावं चुकवायचा. मार्चमध्ये लढाई सुरू झाली. कुवेतमध्ये भोंगे वाजायचे आणि यार्डातली माणसं पाइपांच्या राशीआड जाऊन बसायची. एप्रिलच्या सुरुवातीला विशाखाचा फोन आला. ती रडली नाही. भावजी, ते गेले, एवढं म्हणाली आणि मग दिनकरलाच विचारलं, की तुम्ही तिकडे नीट आहात ना. त्यानं सुट्टी मागितली. इतक्या माणसांनी काम सोडलं असताना स्टोअरकीपरला सोडता येणार नाही, असं उत्तर मिळालं. त्यात चूक कुणाची नव्हती. त्या संध्याकाळी त्यानं रोजच्यासारखे पाइप रचले आणि लताला फोन करून, शत्रुघ्नच्या घरी एकदा जाऊन ये, म्हणून सांगितलं. लता शत्रुघ्नला कधी भेटली नव्हती. ती एसटीनं कोल्हापूरला गेली आणि विशाखाजवळ दिवसभर बसून आली.

दिनकर ऑगस्टमध्ये आला. शत्रुघ्नच्या मोठ्या भावाच्या घरी विशाखा आणि क्षितिजा राहत होत्या. भिंतीवर फोटो होता, हार सुकलेला. विशाखानं चहा केला. इकडचं तिकडचं झाल्यावर तिनं विचारलं, की त्या दिवशी तुम्ही सामना सांगितलात, मी आत बॅगा भरत होते, शेवट मला ऐकू आला नाही. सांगाल का?

दिनकरनं सांगितलं. वरुटे उठला इथपासून शिट्टीपर्यंत. शर्ट काढून वहिनींकडे दिला, हे सांगताना तो अडखळला. विशाखा मांडीवर हात ठेवून ऐकत होती. क्षितिजा दारात येऊन उभी राहिली होती.

"त्यांना बरोबरी आवडली नव्हती," विशाखा शेवटी म्हणाली. "विमानात म्हणाले, दिन्यानं माझा एक गोल चोरला. मुंबई येईपर्यंत तेच म्हणत होते."

 दिनकरनं खिशातून रुमाल काढला आणि तोंडावर धरला. विशाखानं उठून त्याच्या हातातला कप घेतला. क्षितिजा आत आली, त्याच्या शेजारी जमिनीवर बसली आणि मराठीत म्हणाली, "काका, बाबा एकोणऐंशीला कसे खेळले होते? मला कुणी नीट सांगितलं नाही."

अंधार पडेपर्यंत तो सांगत होता.

पुढच्या फेब्रुवारीत कुवेतमध्ये सामना झाला. आदल्या दिवशी जयदीपच्या घरी सगळे जमले आणि सवयीनं दिनकरकडे बघू लागले. त्यानं नाही म्हणून मान हलवली. वारं कुठलं असेल ते जयदीपनंच सांगितलं, ते चुकलं. तळं तीन-एक जिंकलं. त्यानंतर तीन-चार वर्षं कसाबसा खेळ चालला. मग माणसं पांगली, कुणी कॅनडाला, कुणी दुबईला, आणि मैदानावर इमारत उठली. दिनकर दोन हजार नऊपर्यंत यार्डात होता, मग गावी परतला. गडहिंग्लजला सामने असले की जायचा. शेजारी बसलेले विचारायचे, आज कोण मारणार? तो म्हणायचा, बघू या. सामना संपल्यावर मात्र कुणी विचारलं तर बोलायचा, तेही थोडकंच.