परराष्ट्र आणि आमच्या गावचा बांध

परराष्ट्रला कुणाशी वैर धरता येत नसे. मला मात्र तिच्याशी वैर धरायचे होते, आणि कॉलेजची तीन वर्षे हीच माझी मोठी अडचण होती. मी रागावून बाक बदलला, तर दुसऱ्या दिवशी ती डबा घेऊन त्याच बाकावर येऊन बसे आणि विचारी, "इथून फळा जास्त चांगला दिसतो का गं?" अशा माणसाशी भांडायचे तरी कसे?

हे नाव तिला वर्गाने दिले होते. पेणच्या आमच्या कॉलेजात मुलींचे दोन गट होते. एक पेण शहरातल्या मुलींचा, दुसरा आम्हा खाडीकडच्या गावांतून येणाऱ्यांचा. गॅदरिंगच्या नाचापासून खिडकीजवळच्या जागेपर्यंत कशावरच आमचे पटत नसे. ही पेणची, हेडमास्तरांची मुलगी, पण दोन्हीकडे जाई-येई. एकीकडचा निरोप दुसरीकडे नेताना त्यातले लागट शब्द वाटेतच गाळून टाकी. "आलं बघ परराष्ट्र खातं," असे कुणीतरी म्हणाले. पुढे 'खातं' गळून पडले आणि नाव राहिले.

मी खाडीकडची. गडबला एसटीतून उतरून अर्धा तास चालले की आमचे गाव. आजोबांचा जन्म मिठागरावर गेला, वडिलांचा निम्मा मिठागरावर आणि निम्मा शेतात. कॉलेजची पायरी चढलेली घरातली मी पहिली. त्यामुळे छापलेला शब्द मला देवासारखा वाटे. तो जसाच्या तसा पाठ करायचा, इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही.

एकदा राज्यशास्त्राच्या सरांनी उभरत्या अर्थव्यवस्थांचा गट शिकवायला घेतला. तेव्हा त्यात पाचच देश होते: ब्राझील, रशिया, भारत, चीन आणि दक्षिण आफ्रिका. सरांनी विचारले, "भारत आणि चीनचे जवान सीमेवर समोरासमोर उभे असतात. मग हेच दोघे एका टेबलावर कसे बसतात?" मी उभी राहून गटाची व्याख्या आणि सगळी उद्दिष्टे एका दमात म्हटली. एकही शब्द चुकला नाही. "छान, बस," सर म्हणाले. मग परराष्ट्र बसल्या जागेवरूनच म्हणाली, "सर, टेबलावरून उठलं म्हणून भांडण संपत नाही. खुर्ची तेवढी जाते." सरांनी खडू खाली ठेवला. "पुन्हा सांग बरं," म्हणाले.

मला त्यांनी कधीच पुन्हा सांगायला लावले नव्हते. तो दिवस मी आजही विसरलेले नाही.

तिच्या घरी पुस्तकांचे काचेचे कपाट होते, मोठा ॲटलास होता, रोज दोन वर्तमानपत्रे येत. परदेशच्या बातम्यांची कात्रणे ती केसांची पिन लावून वहीत ठेवी आणि वही सरळ माझ्या हातात देई. "घे गं, मला दुसऱ्यांदा वाचायचा कंटाळा येतो." मी ती वही रात्रभर उतरवून काढी आणि उतरवता उतरवता जळत राही. एकदा ती म्हणाली, "तुझं पाठांतर माझ्याकडे असतं ना, तर मी कुठल्या कुठे गेले असते." हा टोमणा आहे की कौतुक, याचा मी आठवडाभर विचार केला. तिला ताप आला तेव्हा चार दिवस वर्गात मी एकटीच हात वर करत होते. ते चार दिवस मला फार बरे वाटले. पाचव्या दिवशी मी तिच्याकडे पेज घेऊन गेले, तेही खरेच आहे.

शेवटच्या वर्षी रोह्याच्या एका कॉलेजात अभिरूप परिषद ठरली. मुलांनी त्या गटातल्या देशांचे प्रतिनिधी व्हायचे आणि सुरक्षा सहकार्यावर चर्चा करायची. जो पहिला येईल त्याच्या एम.ए.चा आणि मुंबईतल्या वसतिगृहाचा खर्च एक ट्रस्ट करणार होता. आमच्या कॉलेजातून दोन नावे गेली, तिचे आणि माझे. घरी बाबांनी आधीच सांगून टाकले होते, "पंधरावी झाली का बास गो. पुढचा आपल्याच्यान् व्हायचा नाय." म्हणजे माझ्यासाठी ती एकच वाट होती.

परिषदेच्या आधीच्या रविवारी परराष्ट्र अभ्यासाला म्हणून आमच्या गावी आली. नेमके उधाण होते आणि खाडीच्या बांधाला खांड पडली होती. बांध फुटून खारे पाणी शेतात शिरले की दोन-तीन वर्षे पीक नाही. म्हणून आमच्याकडे जोळ असते. हाळी आली की घरटी एकाने बांधावर जायचेच. शेजारच्या गावाशी क्रिकेटच्या सामन्यावरून आमच्या गावाचे बोलणे बंद होते. तरी त्या दिवशी दोन्ही गावांचे लोक एकाच रांगेत उभे राहून चिखलाचे गोळे हातोहात पुढे देत होते.

"काका, यांच्याशी तर तुमचं भांडण ना?" तिने बाबांना विचारले.

"भांडान गावात. बांदावर नाय. खारा पानी इचारतो का गो, शेत कोनाचा म्हनून?"

"आणि हाळी देऊन कुणी आलंच नाही तर? दंड करता?"

बाबा हसले. "दंड कशाला? त्याला कोन काय बोलत नाय. त्याच्या शेतासमोर खांड पडली, का लोक जरा सावकाश येतात."

तिने चपला काढल्या, ओढणी कमरेला खोचली आणि ती रांगेत शिरली. "आवो मास्तरीणबाय, गोला पोटाशी धरा, नायतर पडाल तोंडावर!" शेजारच्या गावचा एक म्हातारा ओरडला. सगळे हसले, तीही हसली. मी वर कोरड्यात उभी राहून माझे भाषण पाठ करत होते. संध्याकाळी बाबा आईला म्हणाले, "पोर चांगली हाय." माझ्याविषयी असे बोललेले मी कधी ऐकले नव्हते.

रोह्याला आम्ही गाडीने गेलो. निडी स्टेशन गेल्यावर ती म्हणाली, "एक विचारू? बांधाचं तू सांगणार आहेस का? तुझं आहे ते. तू सांगणार असशील तर मी अवाक्षर काढणार नाही."

मी खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "चिखलाच्या गोष्टी परिषदेत कशाला? तुला सांगायच्या तर सांग."

आयुष्यात मी इतके स्वस्तात काही देऊन टाकलेले नाही.

परिषदेत मी भारताची प्रतिनिधी होते, ती दक्षिण आफ्रिकेची. माझे भाषण उत्तम झाले. सामूहिक सुरक्षा, बहुध्रुवीय जग, सगळे शब्द जागच्या जागी पडले. मग समुद्रमार्गांच्या राखणीवर वाद पेटला. जो देश मदतीला येणार नाही त्याला शिक्षा काय? कुणी म्हणे काढून टाका, कुणी म्हणे व्यापार थांबवा. तेव्हा ती उठली. "हे माझं नाही," तिने सुरुवात केली. "माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचं आहे. ती समोर बसली आहे." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या आणि मी कागदात डोके खुपसले. मग तिने उधाण सांगितले, न बोलणारी दोन गावे सांगितली, आणि शेवटी सावकाश येणारे लोक सांगितले. परीक्षक म्हणून आलेले निवृत्त अधिकारी चष्मा काढून ऐकत होते.

ती पहिली आली, मी दुसरी. माझ्या घरची गोष्ट तिने चोरली, असे म्हणायची सोयसुद्धा तिने ठेवली नव्हती.

परतताना रोहा स्टेशनच्या बाकावर मी रडले. ती शेजारी बसून होती. मनातून मला वाटत होते की आता ही म्हणेल, तूच जा. ती म्हणाली, "मी ही जागा तुला देणार नाही. मलाही हवी आहे. बाबांनी माझ्यासाठी स्थळ पाहिलंय. हे बक्षीस आहे म्हणूनच आता त्यांना मला अडवता येणार नाही." मग म्हणाली, "आणि दिली असती तर तू माझ्याशी आयुष्यभर मोकळेपणी भांडली नसतीस."

त्या काचेच्या कपाटाच्या घरात तिलाही एकच वाट होती, हे तीन वर्षांत माझ्या ध्यानात आले नव्हते. आले तरी जळणे थांबले नाही, हेही लिहायला हवे.

ती मुंबईला गेली, तिथून दिल्लीला. मी शिकवण्या घेत बाहेरून एम.ए. केले, मग बी.एड. आज रोह्यात ज्युनियर कॉलेजला राज्यशास्त्र शिकवते आणि त्याबद्दल मी कृतज्ञ आहे. त्या गटात आता कितीतरी नवे देश आले आहेत. परिषद भरली की परराष्ट्र टीव्हीवर चर्चेला असते. बाबा मला हाक मारतात, "ये गो लवकर, आपली पोर बोलते." मी येते, पण दारातच उभी राहते.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. तिच्या संस्थेत प्रादेशिक सुरक्षेवर बैठक आहे, त्यात आमच्या खाडीकाठच्या खारेपाटातल्या जोळीवर एक निबंध हवा आहे.

"तू लिहायचास आणि तूच येऊन वाचायचास," ती म्हणाली.

"तूच वाच की. तुला सवय आहे."

"मी एक दिवस चिखलात होते गं. तू जन्मलीस तिथे."

एवढ्या वर्षांत हे मला का सुचले नाही, आणि सुचले ते पुन्हा तिलाच, याचा इतका राग आला की फोन ठेवावासा वाटला.

"येईन," शेवटी मी म्हणाले. "पण माझ्यानंतर लगेच तू बोलायचं नाहीस. लोक माझं विसरतात."

ती खळखळून हसली. "नाही बोलणार. पण समोर बसून प्रश्न विचारणार."

निबंध आठ दिवसांत लिहून झाला. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी बाबांसमोर वही घेऊन बसते आणि ती काय काय विचारील, त्याची उत्तरे काढते आहे.