बोरगावच्या देवळातला कौल

न बोलणारी मुलं तपासायचं काम मी बेळगावात बरीच वर्षं करते. देवीवर माझी श्रद्धा आहे, पण कामात मी तिला लुडबूड करू देत नसे. त्या दिवशी बोरगावच्या देवळातल्या शिबिरात मात्र मनातल्या मनात तिलाच म्हणत होते, बाई, आता तूच बघ.

समोर चार वर्षांची गौरी होती. चित्रं दाखवली, ती भिरकावली. बाहुली दिली, तर माझ्या मनगटाला कडकडून चावली. अंगणवाडीने तिला घरी पाठवलं होतं, आणि शेतावर जाताना आई तिला जुन्या लुगड्याने खांबाला बांधून जायची. वडील तिला लांबच्या संस्थेत ठेवायला निघाले होते. "हितं ठिवून सुधारंल का न्हाय, तेवढं सांगा," म्हणाले. पोर बोलता येत नाही म्हणून चिडते, की तिला माणसांची ओढच नाही, हेच मला ओळखता येईना. चुकले असते तर लेकरू आईपासून तुटलं असतं.

शेवटी आईने गुरवाला कौल लावायला सांगितलं. देवीच्या दोन्ही खांद्यांवर ओली फुलं चिकटवली. उजवं पडलं तर पोर घरात ठेवायची, डावं पडलं तर धाडायची. मला संतापच आला, पण कौल लावला की फूल पडेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असा तिथला रिवाज. मलाही तोंड मिटावं लागलं.

त्या शांततेत गौरी आईला टेकून बसली. सकाळपासून पहिल्यांदाच तिला कुणी "बोल, बोल" म्हणत नव्हतं. मी तिच्याकडेच बघत होते. एकाएकी तिने देवीकडे बोट केलं आणि वळून आईच्या तोंडाकडे पाहिलं, तिला दिसलं का म्हणून. मग पुन्हा बोट केलं आणि माझ्याकडे पाहिलं. सकाळपासून मी हेच शोधत होते. ज्याला स्वतःला दिसलेलं दुसऱ्याला दाखवावंसं वाटतं, ते मूल माणसांतलंच असतं. माझे डोळे भरून आले.

फूल पडून लोक बोलू लागले, तशी मी वडिलांकडे वळले, "अण्णा, घरातच ठेवा. तिला खूप सांगायचंय, सांगता येत नाही म्हणून चावते. मी येत जाईन."

"पर चावती लई, बाई."

"चावेल अजून काही दिवस," मी खरं ते सांगितलं. त्यांनी लेकीला कडेवर घेतलं.

गौरी आता थोडे शब्द बोलते. माझी सगळी विद्या थकली तेव्हा देवीने मला नुसतं गप्प बसवलं, याचे उपकार मी विसरणार नाही. हात टेकले की तिचं काम सुरू होतं, एवढं मला कळलं. बेळगावच्या वाटेवर ध्यानात आलं, कोणतं फूल पडलं ते मी पाहिलंच नव्हतं. अजून कुणाला विचारलेलंही नाही.