एका पायाचा मोजा

मुलांच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टरला आपल्या कामाचा अभिमान होता आणि तो लपवण्याचे कष्ट तिने कधी घेतले नाहीत. "बाळाच्या अंगठ्यावरून ऑक्सिजन मोजावा तर मीच," असं ती घरी जेवताना सांगायची. घरचे माना डोलवायचे. नाही डोलवल्या तर ती पुन्हा सांगायची.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. न्यूमोनियाचं बाळ निळं पडण्याची वाट पाहिली तर फार उशीर होतो. त्याआधी कळतं ते पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेल्या लाल दिव्याच्या पट्टीवरून. पण बाळ लाथा झाडतं, पाय गार असतो, आकडा वाटेल तसा नाचतो. सिस्टर पाऊल तळहातात धरून ऊब द्यायची, पट्टी गुंडाळायची, वर लोकरीचा मोजा चढवायची आणि आकडा स्थिरावेपर्यंत गप्प बसायची. यातलं शेवटचं तिला सगळ्यात जड जायचं. मोजे सासूबाई विणायच्या, एकेकच. "अर्ध्या जोडीचं गिऱ्हाईक घरातच मिळालंय," असं त्या शेजारणींना कौतुकाने सांगायच्या.

एका दुपारी वर्षाच्या पोराला घेऊन त्याचे वडील आणि आत्या आले. सकाळभर किंचाळलेलं पोर आता निपचित होतं. आत्या खूश.

"उतार पडला, दादा. चल घरी."

सिस्टरने पट्टी गुंडाळून मोजा चढवला. आकडा चौऱ्याऐंशीवर थांबला. नव्वदच्या खाली गेलेलं बाळ कुठेही जात नाही. डॉक्टरांनी लगेच ऑक्सिजन लावायला सांगितलं.

"हे शांत झालेलं नाही, ताई. थकलंय," सिस्टर म्हणाली.

"मशीन बिघडलंय तुमचं!"

"असेल. द्या बोट."

आत्याचा आकडा अठ्ठ्याण्णव, दादाचा सत्त्याण्णव. तेवढ्या घाईतही आत्याने भावाकडे जिंकल्यासारखं पाहिलं.

"म्हणजे मशीन तुमच्याशी खरं बोलतं आणि पोराशी खोटं?"

आत्याचा आवाज एकदम खाली आला. "नळी नका लावू हो. आमच्या आईला लावली होती. ती परत आली नाही."



"तुमच्या आईंचं मला माहीत नाही," सिस्टर म्हणाली. "पण तुम्ही नळी पाहिलीत ती शेवटाला लावलेली. मी सुरुवातीला लावतेय. थांबलो तर मात्र तुम्ही म्हणता तसंच होईल."

"लावा," दादा म्हणाला.

नाकाशी दोन बारीक नळ्या लागल्या. आकडा अठ्ठ्याऐंशीवर रेंगाळला, मग त्र्याण्णवला गेला. थोड्या वेळाने पोराने डोळे उघडले, परिस्थिती पाहिली आणि भोकाड पसरून नळी ओढायला घेतली. आत्याने त्याच्या दोन्ही मुठी पकडल्या.

"खबरदार नळीला हात लावलास तर!"

नळी सरळ करायला दादाने हात पुढे केला, तर त्यालाही चापट बसली.

रडणं वॉर्डभर ऐकू जात होतं. पलीकडच्या खाटेवरच्या बाईने काहीच विचारलं नव्हतं, तरी सिस्टरने तिला सांगितलं, "आवाज ऐकलात? माझं काम."